बोलकी पाटी आणि आपलें माप

सणाचा दिवस आहे. माजघरांत पंगत बसली आहे. वाढणाऱ्यांची लगबग, थट्टामस्करी आणि पोरांची ओरड यांनीं घर भरून गेलें आहे. पंगतीच्या टोकाला चाकांच्या खुर्चींत नऊ वर्षांची एक मुलगी बसली आहे. जन्माच्या वेळीं मेंदूला झालेल्या इजेमुळें तिच्या जिभेवर व हातापायांवर तिची सत्ता चालत नाहीं. बुद्धि मात्र स्वच्छ आहे. तिच्यापुढें टॅबलेट आहे. त्यावरील चित्राला बोट लावलें कीं यंत्र तो शब्द मोठ्यानें उच्चारतें. काका कौतुकानें विचारतात, "सांग पाहूं, यांत जिलबी कोणती?" ती मोठ्या प्रयासानें बोट नेऊन जिलबीच्या चित्रावर ठेवते. "शाबास!" सारी पंगत आनंदते. आई उठून भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढते. त्या कागदावर लिहिलें आहे : 'विचारलें असतां दहांपैकीं आठ वेळां योग्य चित्र दाखवील.'

थोड्या वेळानें काकू तुपाचें भांडें घेऊन येतात. मुलीचें बोट हळूहळू सरकूं लागतें. यंत्रांतून 'नको' हा शब्द उमटतो तेव्हां तूप भातावर पडलेलें असतें आणि काकू चार पानें पुढें गेलेल्या असतात. या 'नको'ची रेघ मात्र कोणीं ओढली नाहीं. कारण कागदावर तसा रकानाच नव्हता.

हें चित्र कल्पनेंतलें आहे. परंतु ज्या घरांत असें साधन वापरणारें माणूस आहे, त्या घरच्या मंडळींस तें अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. त्या मुलीनें दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आपणांस आधींच ठाऊक होती; दुसरी केवळ तिलाच ठाऊक होती. आपण मोजली ती पहिली. हा हिशेब कोठें चुकतो व तो कसा सुधारावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

साधनें कोणतीं व कोणासाठीं

ज्यांस तोंडानें बोलतां येत नाहीं, अथवा ज्यांचें बोलणें इतरांस उमगत नाहीं, त्यांच्यासाठीं असलेल्या युक्त्या व उपकरणें यांस 'पूरक व पर्यायी संवादसाधनें' म्हणतात. हातवारे, चित्रांचा तक्ता, मुळाक्षरांची पाटी येथपासून तों नजरेच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकापर्यंत सारें कांहीं त्यांत येतें. सोयीसाठीं आपण या सर्वांस 'बोलकी पाटी' म्हणूं. सेरेब्रल पाल्सी झालेलीं मुलें, स्वमग्न मुलें, पक्षाघातानें वाचा गेलेले वडीलधारे, अशा अनेकांस तिचा आधार होतो.

ही कल्पना आजची नव्हे. चार्ल्स ब्लिस या मूळच्या ऑस्ट्रियन अभियंत्यानें, चिनी लिपीवरून सुचलेली एक चित्रलिपि १९४९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. निरनिराळ्या भाषांच्या लोकांस परस्परांचें मनोगत कळावें, हा त्याचा हेतु होता. परंतु तिचा खरा उपयोग केला तो टोरांटो येथील अपंग मुलांच्या एका केंद्रानें, १९७१ सालीं. जीं मुलें बोलूं शकत नव्हतीं आणि ज्यांस वाचतांहि येत नव्हतें, तीं त्या चिन्हांकडे बोट दाखवून वा नजर लावून मनांतलें सांगूं लागलीं. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा उरलासुरला आवाज १९८५ सालीं श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेमुळें गेला. त्यापुढचीं त्यांचीं सारीं व्याख्यानें संगणकाच्या वाणीनें झालीं. आपल्याकडे चेन्नईस 'आवाज़' आणि पवईच्या आय. आय. टी.मध्यें 'जेलो' हीं साधनें तयार झालीं. 'जेलो'मध्यें मराठीचीहि सोय आहे. आपल्या देशाच्या २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येंतच या पर्यायी साधनांचा समावेश केला आहे. म्हणजे पाटीवरून सांगितलेलें तेंहि बोलणेंच, हें आतां कायद्यासहि मान्य आहे.

पुष्कळ आईबापांच्या मनांत एक भीति असते : हातीं पाटी दिली तर मूल तोंडानें बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल. या शंकेचें उत्तर आतां पुराव्यानें देतां येतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनांत, ज्यांच्याविषयींचा पुरावा शास्त्रीय कसोटीस पुरेपूर उतरला अशा २७ जणांचा विचार केलेला आहे. त्यांपैकीं एकाचेंहि बोलणें कमी झालें नाहीं. बहुतेकांचें थोडेंबहुत वाढलेंच.

चवीपुरतें मीठ

साधन घरीं आलें म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ, शाळा व घर मिळून उद्दिष्टें लिहितात. 'मुलीचा संवाद सुधारेल,' 'साधनाचा वापर वाढेल,' असें पुष्कळदां लिहिलेलें आढळतें. वाक्य गोड आहे, पण वर्षअखेर तें साधलें कीं फसलें, हें कोणी सांगावें? आजीच्या पाककृतींत 'मीठ चवीपुरतें' असतें. आजीला तें पुरतें; कारण माप तिच्या बोटांत असतें. नव्यानें स्वयंपाकघरांत आलेल्या मुलीला मात्र 'दोन चमचे' असेंच सांगावें लागतें. उद्दिष्टाचेंहि तसेंच आहे. आज आई, उद्यां शिक्षिका, परवां दुसऱ्या गांवची आत्या, अशा अनेक हातांतून तें जावयाचें असतें. म्हणून त्याचें माप कागदावर हवें. अमेरिकेंत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ सालीं झाला. मोजतां येतील अशीं वार्षिक उद्दिष्टें प्रत्येक मुलाच्या योजनेंत असलींच पाहिजेत, असें त्याच्या १९९७ सालच्या दुरुस्तीनें ठरविलें. मुलाचें वर्ष फुकट जाऊं नये, व गेलेंच तर तें कोणाच्या तरी लक्षांत यावें, हा त्यांतला लाभ आहे.

चांगल्या उद्दिष्टांत सहा प्रश्नांचीं उत्तरें असतात : कोठें, कोणाशीं, काय, किती मदतीनें, किती वेळां आणि केव्हांपर्यंत. त्याहिपूर्वीं एक आठवडा नुसतें पाहावें व टिपावें. मूल आज आपण होऊन दिवसांतून किती वेळां कांहीं सांगतें? एकदां? कीं मुळींच नाहीं? हा आजचा आंकडा हातीं नसेल तर उद्यांच्या आंकड्यास अर्थ उरत नाहीं.

सोपें तेंच मोजण्याचा मोह

येथवर सर्वांचें एकमत होईल. खरी अडचण पुढेंच आहे. जें मोजण्यास सोपें, तेंच मोजण्याकडे आपला हात वळतो. 'दहांपैकीं आठ वेळां पाण्याचें चित्र दाखवील' हें मोजण्यास फार सोपें. परंतु तिला तहानच नसेल तर? आपल्या बोलत्या मुलाला आपण दहा वेळां 'पाणी म्हण' असें सांगून, त्यानें आठ वेळां म्हटलें म्हणून त्याला भाषा आली असें समजतों काय? दहाव्या वेळीं तो कंटाळून उठून गेला तर तो हुशार. आणि पाटीवाल्या मुलीनें बोट मागें घेतलें तर तिचे गुण गेले! असलें उद्दिष्ट संवाद मोजीत नाहीं; तें आज्ञाधारकपणा मोजतें.

मग मोजावें काय? या विषयांतील संशोधिका जॅनिस लाइट यांनीं १९८८ सालीं माणूस बोलतो कशासाठीं याचे चार भाग सांगितले : हवें-नको कळविणें, माहिती देणें-घेणें, जवळीक साधणें आणि शिष्टाचार पाळणें. आपल्या घरांतील दिवसभराचें बोलणें आठवून पाहावें. मागण्या त्यांत किती, आणि नुसत्या गप्पा, चहाड्या, थट्टा, विचारपूस किती! असें असून पाटीवाल्या मुलाचीं उद्दिष्टें पाहावींत तर बहुतेक मागणीचींच. जणूं त्याला जगाकडून खाऊ आणि पाणी यांपलीकडे कांहीं नकोच आहे.

पुढच्याच वर्षीं, १९८९ सालीं, लाइट यांनीं अशा माणसास लागणारीं चार कौशल्यें मांडलीं. उद्दिष्टें लिहितांना तीं समोर ठेवलीं तर कागद एकांगी होत नाहीं. पहिलें भाषेचें : शब्द जाणणें व जुळविणें. दुसरें साधन हाताळण्याचें : तें सुरू करणें, आवाज वाढविणें, हवें तें पान उघडणें. तिसरें सामाजिक : केव्हां बोलावें, कोणाशीं कसें बोलावें, विषय कसा काढावा. चौथें युक्तीचें : समजलें नाहीं तर दुसऱ्या रीतीनें सांगणें, यंत्र बंद पडलें तर कागदी तक्त्याकडे किंवा खुणेकडे वळणें.

आतां आपल्या पंगतींतल्या मुलीचा कागद पुन्हां लिहूं. 'रात्रीच्या जेवणाच्या वेळीं, कोणीं न विचारतां व हाताला न धरतां, ती निदान तीन वेळां आपण होऊन कांहीं सांगेल, विचारील अथवा नाकारील. आठवड्यांतून पांच दिवस, सलग तीन आठवडे, गुढीपाडव्यापर्यंत.' दुसरें : 'आपलें म्हणणें समोरच्याला कळलें नाहीं असें दिसल्यास, दहांपैकीं सहा प्रसंगीं ती दुसरा शब्द, खूण किंवा अक्षर वापरून तें पुन्हां सांगेल.' तिसरें : 'आई-वडिलांखेरीज घरांतील तीन माणसांशीं दर आठवड्यास निदान एकेकदां ती बोलणें सुरू करील.' या तिहींत 'योग्य उत्तर' कोठेंच नाहीं. मोजलें जातें तें तिचें स्वतःचें म्हणणें. तें काय असावें हें ठरविण्याचा अधिकार तिच्याचकडे राहतो.

शब्दांची निवडहि यावरूनच ठरते. आपल्या नेहमींच्या बोलण्याचा बराच मोठा भाग थोडक्याच शब्दांवर चालतो. इंग्रजी बोलण्याची मोजणी करणाऱ्यांस असें आढळलें आहे कीं, कांहीं शेंकड्यांच्या आंतले शब्द रोजच्या बोलण्याचा सुमारें चार-पंचमांश भाग व्यापतात. तीं केळें, मोटार, फुलपांखरूं अशीं नामें नसतात. मी, तूं, दे, नको, आणखी, थांब, काय, माझें, पुन्हां, असे ते शब्द असतात. पन्नास फळांचीं चित्रें असलेल्या पाटीवर 'थांब' नसेल, तर त्या पाटीवरून भांडतां येत नाहीं. आणि ज्या घरांत भांडतां येत नाहीं, त्या घरांत आपलेपण तरी कसें वाटावें?

मराठीचें माप वेगळें

येथें आपल्या भाषेविषयीं एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. पुष्कळ उद्दिष्टें इंग्रजी नमुन्यांवरून उतरविलेलीं असतात. 'दोन शब्द जोडील, मग तीन शब्द जोडील,' अशी त्यांची चढण असते. इंग्रजींत शब्द वाढले कीं अर्थ वाढतो, हें बहुतांशीं खरें. मराठींत एकच शब्द पुष्कळ ओझें वाहतो. 'येतेस?' या एका शब्दांत कोणाला विचारलें, ती स्त्री आहे, ती जवळची आहे आणि हा प्रश्न आहे, इतकें सारें आलें. 'जाऊंया' म्हणणाऱ्या मुलानें एकच शब्द उच्चारला म्हणून तें मागें पडलें असें मानणें हा अन्याय होय. तेव्हां मराठी मुलाच्या कागदावर शब्दांची संख्या लिहिण्यापेक्षां, शब्दाचें रूप बदलतें कीं नाहीं हें लिहावें : 'दे' वरून 'देतेस', 'आई' वरून 'आईला', 'जा' वरून 'गेला'.

तसेंच, पाटीवरील तयार वाक्यें मुलीच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां ऐकून घ्यावींत. तिच्या यंत्रानें 'मी जेवलों' असें म्हटलें तर घरचीं मुलें हंसतील आणि ती पुन्हां बोट लावणार नाहीं. तिचें यंत्र 'मी जेवलें' असेंच बोललें पाहिजे. आजोबांस 'तूं' आणि धाकट्या भावास 'तुम्ही' म्हणणारें यंत्रहि असेंच निरुपयोगी. नात्यागोत्यांनीं भरलेल्या घरांत काकू, आत्या, वहिनी हे शब्द केळ्याच्या आधीं पाटीवर हवेत.

कागदाची दुसरी बाजू

आतां सर्वांत अवघड गोष्ट. उद्दिष्टाचा कागद बहुधा मुलाविषयींच बोलतो. पण संवादाला दोन माणसें लागतात. सामान्य माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशें शब्द सहज बोलून जातो. पाटीवरून बोलणाऱ्यास बहुधा पंधराहि साधत नाहींत. एकत्र कुटुंबांत तर एक जण बोलावयाचा थांबण्यापूर्वींच दुसरा सुरू होतो. मुलीचें वाक्य जुळून येईपर्यंत विषय तीनदां बदललेला असतो, आणि मग आपण म्हणतों, 'ती असंबद्ध बोलते!' तेव्हां कागदाच्या दुसऱ्या बाजूस घराचींहि उद्दिष्टें लिहावींत, आणि तींहि मोजतां येतील अशींच असावींत.

पहिलें : प्रश्न विचारल्यावर मनांत दहा आंकडे मोजून होईपर्यंत कोणीं कांहीं बोलूं नये, सुचवूं नये, तिच्या वतीनें उत्तर देऊं नये. हें ऐकण्यास सोपें वाटतें. एका जेवणांत करून पाहावें, म्हणजे त्याची किंमत कळेल.

दुसरें : घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें दिवसांतून निदान पांच वेळां पाटीवर बोट ठेवून स्वतः बोलावें. तान्हें मूल पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीं वर्षभर आपलें बोलणें ऐकत असतें. पाटीची भाषा जिला शिकावयाची, तिला ती भाषा बोलणारें दुसरें कोणी दिसलेंच नाहीं, तर ती शिकणार कोणाकडून?

तिसरें : उठल्यापासून निजेपर्यंत साधन तिच्या हाताशीं असावें. पुष्कळ घरांत महागाचें म्हणून तें कपाटांत राहतें आणि 'अभ्यासाच्या' अर्ध्या तासापुरतें बाहेर येतें. जीभ कोणी कुलपांत ठेवतें काय? स्वयंपाकघरांत किंवा देवघरांत सोंवळ्याची अडचण वाटत असेल, तर तेथें वेगळी कागदी पाटी असावी. पाण्याच्या जागीं प्लॅस्टिकचें वेष्टण घातलेला तक्ता लावावा. साधन हाताशीं किती तास होतें, हें सहज टिपतां येतें.

या नोंदी ठेवण्याचें काम आजीकडे द्यावें. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत, तारखेच्या चौकटींत, नातीनें आपण होऊन बोललें कीं एक उभी रेघ. आपण दहा आंकडे थांबलों नाहीं कीं एक आडवी. महिनाअखेर कोणाच्या रेघा कशा, तें सर्वांस दिसेल.

शब्द कोणाचे?

मदतीविषयीं एक इशारा आवश्यक आहे. लिहितांना मुलाचा हात धरून बोट अक्षरांवर नेण्याची एक पद्धति मध्यंतरीं फार बोकाळली. १९९० नंतरच्या दशकांत तिची काटेकोर पारख झाली, तेव्हां वारंवार असें आढळलें कीं, हात धरणाऱ्यास प्रश्न ठाऊक नसला तर बरोबर उत्तर येत नाहीं. शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात. त्यानें तें जाणून केलें असें नव्हे. प्रेमानें माणसाची दृष्टि फसते. म्हणून उद्दिष्टांत 'किती मदतीनें' हा प्रश्न गाळूं नये, आणि मदत दर तिमाहीस थोडी कमी होत गेली पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट अशी कीं, जिला 'नको' म्हणतां येत नाहीं आणि घडलेलें सांगतां येत नाहीं, ती मुलगी असुरक्षित असते. कोठें दुखतें, कोणीं मारलें, कोणाचा स्पर्श आवडला नाहीं, हे शब्द पाटीवर ठेवण्यास घरच्यांना संकोच वाटतो. परंतु तें शरीराच्या अवयवांचें पान नसेल, तर वैद्यापुढें व आईपुढें ती सारखीच निःशब्द राहील. 'दुखत असल्यास, न विचारतां, जागा व दुखण्याचा प्रकार घरांतील कोणाहि दोघांस सांगेल,' हें उद्दिष्ट रंग ओळखण्याच्या कितीतरी आधीं यावें.

आणि साधन वापरणारें माणूस मोठें असेल तर? पक्षाघातानें वाचा गेलेल्या आजोबांचीं उद्दिष्टें मुलगा, सून आणि तज्ज्ञ मिळून ठरवितात. आजोबांस कोणी विचारीत नाहीं. त्यांस औषधाची वेळ सांगण्यापेक्षां बँकेंतल्या कारकुनाशीं दोन शब्द बोलावयाचे असतील; नातवाच्या लग्नांत आशीर्वाद स्वतः द्यावयाचा असेल. तेंच त्यांचें उद्दिष्ट. मुंबईच्या मालिनी चिब यांचें उदाहरण या बाबतींत डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या मातोश्री मिठू आलूर यांनीं १९७२ सालीं अशा मुलांसाठीं मुंबईंत संस्था स्थापन केली. मालिनीबाई एका बोटानें टंकलेखन करतात. त्यांनीं लंडनला जाऊन उच्च शिक्षण घेतलें आणि आपलें आत्मचरित्र लिहिलें. त्याचें नांवहि 'वन लिटल फिंगर' असेंच आहे. दहांपैकीं आठ वेळां योग्य चित्र दाखविण्याच्या उद्दिष्टांतून असा ग्रंथ निघत नाहीं. सांगण्याजोगें आपल्यापाशीं कांहीं आहे आणि तें ऐकण्यास कोणी थांबणार आहे, या विश्वासांतून तो निघतो.

पुढच्या सणाला तीच पंगत बसेल. काकू तूप घेऊन येतील, मुलीच्या पानापाशीं भांडें तिरपें न करतां उभ्या राहतील, आणि मनांत आंकडे मोजतील. कदाचित् सातव्या आंकड्यावर 'नको' उमटेल. कदाचित् 'आणखी' उमटेल. कदाचित् ती काकूंच्या नव्या पातळाविषयींच कांहीं बोलेल आणि पुढचीं चार पानें तुपाची वाट पाहत राहतील. राहूं द्यावींत. आजी त्या दिवशींच्या चौकटींत उभी रेघ ओढील, आणि ती रेघ त्या मुलीइतकीच काकूंच्याहि खात्यांत जमा होईल.